लडाखची गाडी

माणसाच्या हातात ग्रॅच्युइटीचे पैसे आणि रात्री अकरानंतरचा मोबाइल एकाच वेळी आला, की घरच्यांनी सावध व्हावं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मी निवृत्त झालो तेव्हा सहकाऱ्यांनी शाल, श्रीफळ आणि विठ्ठलाची मूर्ती दिली. मुलानं वर्षभराचा रिचार्ज मारून दिला. मूर्ती देव्हाऱ्यात गेली. रिचार्जनं मला थेट जर्मनीत नेऊन सोडलं. तिकडं माझ्या वयाची माणसं पन्नास-पन्नास वर्षांचे बोजड, गोल नाकाचे मर्सिडीज ट्रक विकत घेतात, मागं लाकडी खोली बांधतात, तिच्यात पलंग, शेगडी, पुस्तकांची फळी बसवतात आणि मोरोक्कोपासून मंगोलियापर्यंत हिंडतात. पाऊस आला की खिडकी लावतात, ऊन पडलं की खुर्ची बाहेर काढतात. कोणी त्यांना "सोयाबीन काढलं का?" म्हणून विचारत नाही.

मी ठरवलं, आपणही एक जुना दणकट ट्रक घ्यायचा, त्याच्यावर घर बांधायचं आणि लडाखला जायचं. लडाखच का, याला उत्तर नाही. निवृत्त माणसाला दोनच ठिकाणं सुचतात, काशी आणि लडाख. काशीला आमची ही आधीच जाऊन आली होती, भजनी मंडळाबरोबर, माझ्याशिवाय.

आमच्या फुलसावंगी गावात एखादी गोष्ट गुप्त ठेवायची असेल तर ती मनातसुद्धा आणू नये. सकाळी मी मिस्त्रीच्या दुकानावर सहज चौकशी केली आणि दुपारी किराणावाल्यानं उधारीची वही घरी पाठवली. गुरुजी गाव सोडून चालले, अशी बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती.

अडचण अशी, की या गावात गाडीतला जो म्हणून जाणकार आहे तो माझ्या हाताखालून गेलेला आहे. मिस्त्री माझा विद्यार्थी. ट्रक चालवणारे, उसाचे मुकादम, पासिंगची कामं करणारा एजंट, भंगारवाला, सगळे चौथीपर्यंत माझ्याकडं होते. सतराचा पाढा येत नाही म्हणून ज्यांना मी बाकावर उभं केलं, ते आता मला लोखंडी स्टुलावर बसवून प्रश्न विचारू लागले.

"गुरुजी, ट्रक कायले पायजे?"

"लडाखला जायला."

"काय भरून नेता?"

"काही नाही. आम्ही दोघं."

"अन् येताना?"

"येतानाही आम्ही दोघंच."

मिस्त्रीनं खर्रा घोटायचा थांबवला. "म्हंजे रिकामी जाणार अन् रिकामीच येणार," तो म्हणाला. "अन् डिझल तुमचं."

रिकामी गाडी परत आणणं हे या भागात दिवाळं निघाल्याचं लक्षण आहे. माणूस नागपूरला दवाखान्यात गेला तरी येताना कुणाचा तरी पाण्याचा पंप घेऊन येतो. मी त्याला गुंथर होल्टोर्फची गोष्ट सांगितली. हा जर्मन गृहस्थ ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मर्सिडीजची चौकोनी जीप घेऊन निघाला तो २०१४ सालीच थांबला. गाडीचं नाव ओटो, आणि तिनं जवळपास नऊ लाख किलोमीटर तोडले. ती आता स्टुटगार्टच्या मर्सिडीज संग्रहालयात ठेवली आहे. मिस्त्रीनं सगळं लक्ष देऊन ऐकलं. शाळेत त्यानं इतकं लक्ष कधी दिलं नव्हतं.

"एवढी वर्षं बाहेर," तो हळूच म्हणाला, "अन् घरचे शोधाले नाई आले?"

हे सांगितलं पाहिजे, की माझ्या बेताला गावात कोणी वेडं म्हटलं नाही. बाहेरच्याला याचं नवल वाटेल. पण २०२१ च्या ऑगस्टमध्ये याच गावातल्या एका तरुण वेल्डरनं स्वतःच्या हातानं बांधलेलं एका माणसाचं हेलिकॉप्टर चालू करून पाहिलं, पातं निखळून डोक्याला लागलं आणि तो गेला. वर्तमानपत्रांनी दोन दिवस गावाचं नाव छापलं. तेव्हापासून फुलसावंगीत वेल्डिंगच्या दुकानात कोणी काही अचाट सांगितलं तर हसत नाहीत. "सांभाळून," एवढंच म्हणतात, आणि मग सल्ले सुरू होतात.

सल्ले मात्र सुरू झाले ते थांबेचनात.

पहिला पक्ष शक्तिमानवाल्यांचा. त्याचे नेते आमच्या गल्लीतले माजी सैनिक. शक्तिमान हा लष्कराचा ट्रक, मॅन या जर्मन कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून जबलपूरला बनलेला, चारही चाकांना ताकद देणारा. "गुरुजी, शक्तिमान घ्या. चिखल, वाळू, बर्फ, काही विचारत नाही. आम्ही याच्यातून सीमेवर गेलो." एव्हरेज विचारलं तर ते म्हणाले, "ते सरकार भरत होतं." माझी पेन्शन आणि संरक्षण खात्याचं बजेट यांत फरक आहे हे त्यांना पटवताना चहाचे कप बरेच झाले. शिवाय लिलावात सुटलेल्या शक्तिमानचा सुटा भाग मिळवायला आणखी एक शक्तिमान विकत घ्यावा लागतो, असं मिस्त्रीचं मत पडलं. म्हणजे दोन ट्रक. हिला एकच सांगताना माझी जीभ टाळूला चिकटत होती.

दुसरा पक्ष म्हणाला, एसटीनं मोडीत काढलेली बस घ्या. आयती खोली, खिडक्याही आयत्या. विचार मोहात पाडणारा होता. पण गावातल्या एका माजी कंडक्टरनं मला बाजूला घेतलं. "लाल रंग पुसला तरी आकार पुसता येत नाही, गुरुजी. उमरखेडच्या पुढं जाऊ नाई देणार लोक. जिथं थांबाल तिथं चढतील. अन् सुटे पैसे तुमालेच मागतील." पक्ष विसर्जित झाला.

तिसरा सल्ला मुलाचा, फोनवरून. "बाबा, जुनं कशाला? नवीन बीएस-सिक्स घ्या, कर्ज मिळतं." १ एप्रिल २०२० पासून सगळ्या नव्या गाड्या या नियमाच्या झाल्या आणि ट्रकच्या डिझेल टाकीशेजारी आणखी एक छोटी टाकी आली. तिच्यात युरियाचं पाणी घालावं लागतं, म्हणजे धूर स्वच्छ होतो. ते संपलं की गाडी रुसते, वेग धरत नाही. हे ऐकल्यावर मिस्त्रीच्या दुकानासमोर बसलेले सगळे शेतकरी गंभीर झाले. खरिपात एका पोत्यासाठी पहाटेपासून आधार कार्ड घेऊन रांगेत उभी राहणारी ही माणसं. आता त्या रांगेत ट्रकही येणार!

"मंग डीएपी नाई लागत का तिले?" मागून एकानं विचारलं. "अन् फवारणी किती?"

मिस्त्रीचं दुःख वेगळं होतं. "नव्या गाडीले लॅपटॉप लावल्याशिवाय हात लावू देत नाई. सेन्सर गेला, की गाडी सोताच ठरवते, आता चालाचं नाई. लडाखले कुठं लॅपटॉपवाला पाहता? जुनी गाडी सांगते तरी, काय दुखून राह्यलं ते." मग त्यानं मला एक जुना डिझेल पंप उघडून दाखवला. तळहातावर मावतील असे छोटे दट्टे, बोटाच्या पेराएवढी नोझल, आणि सगळं ओशट काळ्या तेलात. पंप दाब देतो, नोझल फवारते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं डिझेल पेटतं. विजेची गरज फक्त सेल्फ मारायला. बॅटरी मेली तर उतारावर ढकला, दुसऱ्या गिअरात सोडा, सुरू. "याले डोकसं नाई, गुरुजी," तो मायेनं म्हणाला, "म्हणून डोकेदुखी नाई." चौथीत मी त्याच्याबद्दल याचा पूर्वार्ध अनेकदा बोललो होतो.

जुन्याच्या बाजूनं कौल पडला. आता टाटा की लेलँड. या प्रश्नावर फुलसावंगीत सोयरिकी मोडलेल्या आहेत. लेलँडवाले म्हणतात, लेलँड ओढतो. टाटावाले म्हणतात, टाटाचं सामान पानठेल्यावर मिळतं. दोन्ही बाजूंनी मिळून माझ्या ओसरीवर एक संपूर्ण उन्हाळा घालवला. ज्यांनी आयुष्यात बैलगाडीपलीकडं काही घेतलं नाही तेही दूध घालायला आले की "लेलँडच बरा" असं सांगून जात. मीसुद्धा कोणत्याही बाजूला पूर्ण हो म्हणत नसे, कारण ठरलं असतं तर संध्याकाळी कोणी आलं नसतं.

शेवटी इतिहासानं निकाल दिला. टेल्कोनं १९५४ साली डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले. १९६९ पर्यंत त्यांच्या नाकावर मर्सिडीजचा तारा असायचा. करार संपला, तारा गेला, नाक राहिलं. आपल्याकडचा नाकवाला १२१०, म्हणजे बारा टनाचा आणि शंभर घोड्यांचा, ज्याला सगळे बारा-दहा म्हणतात, तो त्याच घराण्यातला. जर्मन माणूस पेन्शनचे पैसे घालून ज्याला मखरात बसवतो, त्याचा चुलतभाऊ आमच्याकडं नाल्याच्या काठाला बाभळीखाली उभा असतो आणि त्याच्या केबिनमध्ये कोंबडी अंडी घालते.

हे मी अलंकारिक लिहीत नाही. आम्ही पाहायला गेलो तेव्हा ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी बसलेलीच होती. ती उठली नाही. मालकानं आम्हाला क्लीनरच्या बाजूनं चढवलं.

"सिंगल हँड गाडी हाय, गुरुजी," तो म्हणाला. दार सुतळीनं बांधलेलं होतं. पायाखालच्या पत्र्याला भोक होतं. त्यातून खालचं गवत दिसत होतं, आणि गवतातून एक पिल्लू वर पाहत होतं. वेगाचा काटा चाळीसवर थांबलेला. गाडी किती वर्षांपासून उभी आहे विचारलं तर म्हणाला, "उभी कुठं? काटा पाहा ना." स्टिअरिंगसमोर रेणुकामातेचा फोटो, त्याला वाळका हार, बाजूला सुकलेलं लिंबू. मागच्या फाळक्यावर 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलेलं. महाराष्ट्रात २०१५ साली हे लिहायला बंदी आली. रंगाऱ्याला ते कळल्यावर त्यानं फक्त 'प्लीज' खोडलं होतं.

सिंगल हँड याचा अर्थ हळूहळू उलगडला. सौदा ठरतोय तोच दुसरा एक हँड शेतातून आला. हा मधला भाऊ. त्याचं म्हणणं, गाडी विकायची नाही. तिसरा पुण्याला कंपनीत, त्याचं म्हणणं फोनवर, गाडी विका पण माझा हिस्सा आधी पाठवा. आरसी बुक अजून वडिलांच्या नावावर, आणि वडील वारलेले. ओट्यावर बसलेली त्यांची आई सगळं ऐकत होती. तिन्ही पोरींची वऱ्हाडं या गाडीतून गेली, ती म्हणाली. विका, पण मातेचा फोटो उतरवू नका. तिन्ही भाऊ, पुण्यातला धरून, गप्प झाले. पुढची कागदपत्रं मात्र आईच्या शब्दानं हलणारी नव्हती. वारसांच्या सह्या, शपथपत्रं आणि ना हरकती गोळा करताना मला त्या घरातली सगळी भांडणं, लग्नं आणि एक मोडलेली वाटणी पाठ झाली.

चाचणीला एक निवृत्त ड्रायव्हरमामा घेतले. त्यांनी वणीच्या कोळशापासून कोलकात्याच्या तागापर्यंत सगळं ओढलेलं. मिस्त्रीनं पंप बसवला, चार पोरांनी ढकललं, गाडीनं काळा ढेकर दिला आणि माहूरच्या रस्त्याला लागली. गिअर बदलायला दोनदा क्लच दाबावा लागतो; मामांचा पाय मांडीवरच्या नातवाला झोपवताना हलतो त्या लयीत हलत होता.

"स्टिअरिंग कसं आहे, मामा?"

"बरं हाय. पाव फेरा फिरवलं की चाकाले निरोप पोचते."

"आणि ब्रेक?"

"ब्रेक हाय ना. फक्त आधी सांगा लागते."

गडाच्या चढावर पहिल्या गिअरात गाडी इतकी सावकाश चढली, की शेजारून चालत जाणाऱ्या भाविक बाईनं मला खिडकीतून प्रसाद दिला. पण चढली. मामांनी पान थुंकून निकाल दिला, "माहूर चढली, तर लडाख काय?" माहूर आणि लेहच्या वाटेवरची तांगलांग खिंड यांच्या उंचीत काही हजार मीटरचा फरक आहे, तिथं हवा विरळ असते, बिनटर्बोचं इंजिन धापा टाकतं, थंडीत डिझेल घट्ट होतं, हे मी भूगोलाच्या आवाजात सांगितलं. मामांनी शांतपणे विचारलं, "मंग तिथं भाडं देते कोण?" गाडी घेतली.

आता एजंट. हा माझा सर्वांत हुशार विद्यार्थी. परीक्षेत माझ्याच वहीवरून उत्तरं लिहायचा. त्यानं मला कायदा शिकवला. मालवाहू गाडीचं चालतं घर करायचं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. कंपनीनं जशी बनवली तशीच गाडी ठेवायची, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ठणकावून सांगितलं आहे. बदल करायचा तर आधी परवानगी, मग तपासणी, मग नोंद.

"पण राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय!" मी पेपरचं कात्रण पुढं केलं.

"धोरण आणलं, गुरुजी. तुमचा बारा-दहा कोठं आणला त्याच्यात?" तो म्हणाला. "असं करा. रंग बदला. रंगाले कोणी नाई म्हणत नाई."

जुन्या जड वाहनाला दर वर्षी पासिंग. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नुसती फिटनेसची फी २०२२ साली साडेबारा हजार झाली. त्यात रिफ्लेक्टर, वायपर, वेगाचा काटा हे सगळं चालू पाहिजे. काटा दुरुस्त झाला तेव्हा जुना मालक मुद्दाम पाहायला आला. शून्यावर काटा पाहून त्याला वाईट वाटलं.

आणि दिल्ली लागते ना वाटेत. राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ साली दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना दिल्लीत मज्जाव केला, ही भानगड एजंटनंच सांगितली. मी हवालदिल झालो. मिस्त्री मात्र निवांत होता. "मंग दिल्ली कायले पाहाची? टीव्हीवर रोज दिसते." खर्चाचा हिशेबही त्यानंच तोंडी केला: जाणं-येणं साडेचार हजार किलोमीटर, बारा-दहा देणार लिटरला साडेचार, म्हणजे हजार लिटर, भाव नव्वदीच्या वर. सतराचा पाढा न येणाऱ्यानं हा हिशेब इतक्या पटकन केला, की मला माझ्या नोकरीचा संशय आला.

कायद्याला धक्का न लावता घर कसं बांधायचं, यावर सुतारानं तोड काढली: काहीच पक्कं करायचं नाही. सगळं ठेवायचं आणि पट्ट्यानं बांधायचं. दोन खाटा, फळी, शेगडी, पाण्याची टाकी. हौदा सोळा-सतरा फूट लांब, सात फूट रुंद. हिनं फाळक्यावरून आत डोकावून एकदाच पाहिलं.

"अहो, संडास?"

"निसर्ग..." मी सुरुवात केली.

"निसर्ग तुमच्यासाठी ठेवा," ही म्हणाली, आणि तो विषय तिथं संपला. पुढं सुतारानं पडद्याआड एक कोपरा केला, त्याचं वर्णन मी करणार नाही. तिचा खरा मुद्दा देव्हाऱ्याचा होता. देव पूर्वेला तोंड करून पाहिजेत. गावातल्या महाराजांना बोलावलं. त्यांनी होकायंत्र काढलं, फूटपट्टीनं मोजलं आणि हौद्याच्या डाव्या कोपऱ्यात खूण केली. सुतारानं खिळा उचलला तोच मिस्त्री म्हणाला, "पण गाडी वळली की?"

सगळे थांबले. गाडी घराकडून मेन रोडला वळली की देव दक्षिणाभिमुख. माहूरच्या घाटात तर एका वळणावर एक दिशा. महाराजांनी बराच वेळ डोळे मिटले. मग त्यांनी तोड सुचवली, की पूजेच्या वेळी गाडी पूर्वेकडं तोंड करून उभी करावी. मामा म्हणाले, लडाख उत्तरेला आहे. रोज पूजेसाठी पूर्वेला वळलो तर छत्तीसगडात निघू. अखेर मिस्त्रीनं थ्रेशरचं जुनं बेअरिंग आणलं, पाटाखाली बसवलं आणि फिरता देव्हारा तयार केला. बोटानं ढकलला की विठ्ठल सावकाश फिरतो. गावातली निम्मी माणसं तो फिरवायला येऊन गेली. एकीनं नवस बोलला.

गाडी तयार. निघण्याआधी मातेचं दर्शन घ्यावं म्हणून माहूर ठरलं, तर हौद्यात आधीच भजनी मंडळ बसलेलं. मालवाहू गाडीत माणसं बसवत नाहीत, हे मी समजावून सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि सरकून मला जागा केली. दोन ऑटो आणि एक जीप ठरवून त्यांना खाली उतरवण्यात सकाळ गेली; ऑटोचं भाडं मीच दिलं, कारण कार्यक्रम माझा होता.

आषाढीच्या आधी दिंडीवाले आले. त्यांचा नेहमीचा ट्रक गिअरबॉक्समुळं बसला होता. "गुरुजी, तंबू, भांडी अन् सिलिंडर तेवढे न्यायचे. तुमाले लडाख काय पळून जाते?" मी सोबत गेलो. पहाटे दिंडी निघायची; आम्ही मागून निघून वीस-बावीस किलोमीटरवरच्या मुक्कामी पुढं जाऊन थांबायचं, झाडाखाली ताडपत्री, चूल, दिवसभर स्वयंपाक, रात्री हरिपाठ, माझ्या खाटेवर भाजीची पोती. जर्मन माणूस मोबाइलवर ज्या सावकाश प्रवासाचं कौतुक सांगत होता तोच हा; फक्त त्याच्या गाडीत एवढ्या भाकरी होत नसाव्यात. फिरत्या देव्हाऱ्यापुढं वारकरी रांग लावून उभे राहायचे. पंढरपुरात एका दिंडीप्रमुखानं तसलाच करून द्याल का म्हणून विचारलं. मिस्त्रीकडं आता ऑर्डर आहेत.

दसरा झाला आणि मुकादम आला. हाही माझाच. महागाव-पुसद पट्ट्यातल्या तांड्यांतून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक भरून माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात. याला कोणी प्रवास म्हणत नाही, व्हिडिओ करत नाही. "गाडी उभीच हाय तर, गुरुजी." चुली, पत्र्याच्या पेट्या, सरपण, कोंबड्या, शेळ्या, लेकरं. मी माझ्या हौद्याची रचना समजावून सांगायला पुढं झालो: ही खाट, ही फळी, हा पट्टा. एका बाईनं शांतपणे ऐकलं आणि कामाला लागली. सुतार आणि मी आठवडेच्या आठवडे जे मांडत होतो ते तिनं चहा उकळेपर्यंत बदललं. खालच्या खाटेखाली शेळ्या, खाटेवर पेट्या, पेट्यांवर गोधड्या, कमानीला साडीचा पाळणा, पाळण्याच्या दोरीलाच कंदील. शेगडी तिनं उचलून माझ्या हातात दिली. "हे ठेवा घरी. मोडून जाईन." देव्हारा तेवढा तिनं जागेवर ठेवला, एकदा बोटानं फिरवून पाहिला आणि सेवालाल महाराजांचा फोटो विठ्ठलाशेजारी टेकवला.

या सगळ्यात भंगारवाला नियमानं येतो. दर महिन्याला गाडीभोवती एक चक्कर मारतो, चेसिसवर बोटानं टिचकी देतो आणि आदबीनं विचारतो, "कशी हाय तब्बेत?" गाडीची की माझी, हे मी अजून विचारलेलं नाही. भाव किलोचाच सांगतो.

लडाखचा बेत रद्द झालेला नाही. मनाली-लेह रस्ता साधारण मे-जूनमध्ये उघडतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंद होतो. जून-जुलैत गाडी दिंडीला बांधलेली आहे. दसऱ्यानंतर हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत ती ऊसवाल्यांची. मधले ऑगस्ट आणि सप्टेंबर मोकळे आहेत, पण ऑगस्टमध्ये मामांची सोयाबीनची फवारणी असते आणि पोळ्याला ते गाव सोडत नाहीत. तेव्हा ज्या वाचकाकडं हेवी लायसन्स आहे, ज्याला दोनदा क्लच दाबता येतो आणि ज्याच्या शेतात त्या दिवसांत काही काम नाही, त्यानं फुलसावंगीला येऊन मिस्त्रीच्या दुकानावर विचारावं. खर्रा चालेल. गादी स्वतःची आणावी, आणि शक्य झाल्यास ९.००-२० चा एक बरा टायर.